जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल: बदलावं की हात लावू नये?

अंबाजोगाईकर
गाडी २०११ ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलाच्या जोरावर जोडणारी. दोन वर्षांपूर्वी लातूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा ९६ हजार किलोमीटर झालेले होते. आज १ लाख २८ हजार आहेत. त्यांनी सगळ्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. इंजिन ऑइल दर वेळी बदललेलं आहे, गिअरबॉक्सच्या ऑइलची नोंद एकदाही नाही. परवा डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची सळई, पांढऱ्या कागदावर टेकवली. नवं ऑइल लाल असतं, हे कोऱ्या चहासारखं निघालं. जळका वास नाही. गाडी झटका देत नाही, गिअर घसरत नाही.

चार मेकॅनिकांना विचारलं. तिघं म्हणाले, लाखाच्या पुढं गेलेल्या ऑटोमॅटिकच्या ऑइलला हात लावायचा नाही, लावला की गिअरबॉक्स बसलाच म्हणून समजा. मला हे पटत नाही. माझं मत स्पष्ट आहे: बदलायलाच पाहिजे, आणि गिअरबॉक्स नीट चालतोय तोवरच बदलायला पाहिजे.

हे ऑइल नुसतं वंगण नाही. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून तेच पुढं नेतं, त्याच्याच दाबानं आतल्या क्लच प्लेटा आवळल्या जातात, आणि आतली उष्णता कूलरपर्यंत तेच वाहून नेतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. ऊस सुरू झाला की धारूरच्या घाटात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं रांगत चढायचं. अशा संथ चढाला कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जुळत नाहीत, ऑइल आतल्या आत घुसळून तापत राहतं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ऑइल खराब व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्राचा जुना ठोकताळा आहे. मग इतकी वर्षं तेच ऑइल कसं चालेल?

जालन्याचा फिटर
दादा, तुम्ही पुस्तकातलं बोलता, मी गाडीखाली झोपून बोलतो. चोवीस वर्षं हेच काम करायलोय. ऑइल बदलून गेलेली गाडी महिन्याभरात टोइंगवर परत आलेली मी दोनदा बघितली. दोन्ही वेळा गिऱ्हाइकाचा जीव तुटला होता.

कारण सांगतो. जुन्या गिअरबॉक्सात क्लच प्लेटांचं अस्तर झिजून त्याची भुकटी ऑइलात मिसळलेली असती. झिजलेल्या प्लेटांना तीच भुकटी थोडी पकड देती. ते ऑइल काढून नवं, गुळगुळीत टाकलं की प्लेटा घसरायला लागत्यात. दुसरं, नव्या ऑइलात साफ करणारं रसायन असतं. आत वर्षानुवर्षं बसलेला थर ते सोडवतं, आणि तो कचरा व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलाचा दाब हवा तिकडं वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत जाऊन अडकतो. तुमची गाडी चांगली चालायलीय ना? मग चालू द्या की.

वाळूजवाला
फिटर काका, तुमच्या अनुभवाला नाही म्हणणार नाही. पण त्या दोन गाड्या ऑइल बदलायला आल्याच का होत्या, हे आठवून बघा. बहुतेक लोक गिअर घसरायला लागल्यावरच ऑइल बदलायला येतात. म्हणजे प्लेटा आधीच गेलेल्या असतात. ऑइल बदललं ते शेवटचं काम ठरतं आणि खापर त्याच्यावर फुटतं. ज्यांनी बदललं आणि पुढं काही झालं नाही, ते तुमच्याकडं सांगायला परत येत नाहीत.

मी वाळूजला हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीत आहे. आमच्याकडं मशीन जुनं झालं म्हणून ऑइल बदलणं थांबवत नाही, उलट तपासणी वाढवतो. घाण ऑइलानं व्हॉल्व्ह अडकतो तो हळूहळू अडकतो, आणि प्रेस ऐन कामात बंद पडतो.

आणखी एक. तुमच्या त्या गाड्यांचं ऑइल मशीन लावून, दाबानं फ्लश केलं होतं का? की नुसतं खालचा ड्रेन बोल्ट काढून निथळलं होतं?

जालन्याचा फिटर
एकीला मशीन लावलं होतं, बाहेरच्या वर्कशॉपात. दुसरी माझ्याच हातची, बोल्ट काढून. आणि ती घसरत होती आधीपासून, हे खरंय. ते मी लपवत नाही.

वाळूजवाला
मग सगळा मुद्दा तिथंच आहे. मशीननं सगळं ऑइल एका दमात बदललं की थर एकदम सुटू शकतो, तुमची भीती तिथं रास्त आहे. नुसतं निथळलं तर टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि त्याच्या पाइपांतलं ऑइल आतच राहतं. एका वेळी चाळीस टक्के बदललं असं धरा. साठ टक्के जुनं राहिलं. हजार-दोन हजार किलोमीटरनं पुन्हा तसंच केलं तर छत्तीस, तिसऱ्यांदा बावीसच्या आत. तीन खेपांत पाऊणशे टक्क्यांहून जास्त ऑइल नवं होतं, तेही गिअरबॉक्सला धक्का न देता.

परभणीकर ताई
मी न बदलणाऱ्यांपैकी होते, म्हणून लिहिते. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं होतं, मॅडम, हे आयुष्यभराचं ऑइल आहे, सील्ड आहे. मी विश्वास ठेवला. दीड लाखाच्या जवळ गाडी गेली तेव्हा सकाळी रिव्हर्सला टाकली की दोन-तीन सेकंदांनी हलायची. तरी तेच उत्तर. शेवटी जिंतूर रस्त्यावर, आई-बाबा मागं बसलेले, वेळ संध्याकाळची, गाडी डी मध्ये आणि इंजिन नुसतंच ओरडतंय. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीएवढा सांगितला. गाडी विकली, भंगाराच्या भावाच्या थोडी वर.

मला आजही राग आहे तो 'आयुष्यभर' या शब्दाचा. कुणाचं आयुष्य, हे एकदाही कुणी सांगितलं नाही.

वाळूजवाला
ताई, तुमचा राग बरोबर आहे. जर्मनीची झेडएफ कंपनी कितीतरी मोठ्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. गाडी बनवणाऱ्या काही कंपन्या त्याच गिअरबॉक्सच्या ऑइलला आयुष्यभराचं ऑइल म्हणतात, आणि झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदला म्हणते. बनवणाराच सांगतोय तर आणखी कुणाचं ऐकायचं?

नांदेडकर
मी फिटर काकांच्या बाजूनं, पण माझं कारण वेगळंय. बदलणं बरोबर की चूक हा प्रश्न पुण्या-मुंबईत. आपल्याकडं प्रश्न हा की बदलणार कोण आणि टाकणार काय? होंडाला डीडब्ल्यू-१ लागतं, जुन्या ह्युंदाईला एसपी-३, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना डब्ल्यूएस. जिल्ह्याच्या गावाला दुकानात गेलं की एकच बाटली पुढं करतात, "साहेब, सगळ्याला चालतं." क्लच प्लेटा किती घसराव्यात आणि किती धराव्यात, हे ऑइलातल्या रसायनावर ठरतं. चुकीचं ऑइल टाकण्यापेक्षा जुनं परवडलं.

वर लोकांना गिअरबॉक्सचा प्रकारही माहीत नसतो. माझ्या मेहुण्याची सेलेरिओ एएमटी. ती आतून मॅन्युअलच, क्लच दाबणारं नि गिअर टाकणारं यंत्र तेवढं वर बसवलंय. तिला गिअर ऑइल लागतं. त्याला एकानं लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं ऑइल, टाकून देतो म्हणून सांगितलं होतं, मी वेळेवर अडवलं. सीव्हीटीचं, म्हणजे गिअरांऐवजी पट्टा नि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं, आणखी तिसरंच. तिच्यात साधं एटीएफ गेलं तर पट्टा नि पुली दोन्ही खराब होतात.

अंबाजोगाईकर
नांदेडकर, तुमचं हे म्हणणं मला सगळ्यात जड वाटतं. पण त्याचं उत्तर 'बदलू नका' हे नाही. मॅन्युअलमध्ये ऑइलचं नाव छापलेलं असतं, तेच सीलबंद आणायचं आणि स्वतः समोर उभं राहायचं. मी संभाजीनगरहून चार बाटल्या मागवल्या. एसटीच्या पार्सलनं आल्या.

काल पहिली खेप झाली. अडीच लिटरच्या आसपास निघालं. ड्रेन बोल्टला चुंबक असतं, त्यावर राखाडी लेप होता, बोटावर घासला तर लोण्यासारखा मऊ. कण किंवा तुकडा एकही नव्हता. निघालं तेवढंच मोजून भरलं, कारण जास्त भरलं तर ऑइल फेसाळतं. मग गाडी तापेपर्यंत फिरवली, सपाटीवर बंद केली आणि दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक बघितली. होंडाची पद्धत अशीच आहे, प्रत्येक गाडीची वेगळी असते. पातळी बरोबर. बाकीच्या दोन खेपा दीड-दीड हजार किलोमीटरनं.

जालन्याचा फिटर
लेप मऊ होता म्हणजे काळजी नाही, ती रोजची झीज. तुकडे असते तर मी म्हणलो असतो, बोल्ट लावा आणि गाडी विका. तुमची गाडी घसरत नव्हती, थोडं थोडं बदलायलात, याला माझा विरोध नाही. पण घसरणारी गाडी माझ्याकडं आली तर मी आजही ऑइल बदलणार नाही. आधी गिऱ्हाइकाला सांगणार, प्लेटा गेल्यात, खर्चाचं बोला.

ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाकला का? जुनाच आवळला असंल तर चार दिवसांनी खाली वाकून बघा, थेंब धरतोय का.

अंबाजोगाईकर
जुनाच आवळलाय काका. उद्या सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून बघतो.