रात्री लोड वाढला की शेवटचे दोन चार्जर संपर्काबाहेर जातात

प्रश्न:
पुण्यातील आमच्या सोसायटीच्या तळघरात इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ७.४ किलोवॅटचे सहा चार्जर एका ओळीत बसवले आहेत. पहिला चार्जर मास्टर, म्हणजे बाकीच्यांना आज्ञा देणारा, असून तो आरएस-४८५ (दोन तारांवरून संदेश पाठवण्याची पद्धत) केबलवरून मॉडबस या संदेशभाषेत बाकीच्यांना मंजूर भारात बसेल एवढाच प्रवाह वाटून देतो. दुपारी सारे सुरळीत असते. मात्र रात्री चार-पाच गाड्या एकदम लागल्या की पाचवा आणि सहावा मास्टरला उत्तर देईनासे होतात आणि ६ अँपिअरवर उतरतात, म्हणजे आठ तासांत जेमतेम ११ युनिट. सर्व्हिसवाले सहाव्याचे कंट्रोल कार्ड बदलायला सांगतात. ते बदलावे का?

उत्तर:
इतक्यात बदलू नये. दोन चार्जर एकाच वेळी, तेही केवळ लोडवर गप्प होत असतील तर संशय संदेशाच्या केबलवरच घ्यावा. सर्व चार्जरांचा पुरवठा बंद करून त्या केबलच्या ए आणि बी या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. साखळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेशन रोध (टोकाशी सिग्नल उलटा परतू न देणारा) असतो, त्यामुळे साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध लागलेलाच नाही, आणि ४०च्या आसपास दिसले तर मधल्याच एखाद्या चार्जरचा हा रोध जोडणारा छोटा स्विच चालू राहिला आहे.

प्रश्नकर्ता:
४१ ओहम आले. तिसऱ्याचा स्विच चालू होता. तो बंद केल्यावर ६० झाले. तक्रार कमी झाली, पण गेली नाही. चौथ्यानंतर संदेशाची केबल ट्रेमध्ये पॉवर केबललाच टायने बांधलेली आहे आणि तिच्यात दोनच तारा आहेत.

दुसरे उत्तर:
मग उरलेले कारण तिथेच आहे. जादा रोधामुळे सिग्नल आधीच दुबळा झाला होता, त्यात शेजारच्या पॉवर केबलचा विद्युत गोंगाट. शिवाय सर्व चार्जरांचे ग्राउंड जोडणारी, सामायिक संदर्भाची तिसरी तार नसल्याने लोडवर दोन चार्जरांच्या ग्राउंडमधील फरक वाढला, तर रिसीव्हर गोंधळतो. आरएस-४८५ हा फरक उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सोसते. पीळ दिलेली, शील्ड (गोंगाट अडवणारे धातूचे आवरण) असलेली, तिसरी तारही असलेली नवी केबल वेगळ्या मार्गाने न्यावी, शील्ड एकाच टोकाला अर्थ करावी आणि पॉवर केबल ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी. काही जण बॉड रेट, म्हणजे संदेशांचा वेग, ९६०० वर आणून वेळ मारून नेतात, पण ग्राउंडमधील फरक त्याने जात नाही. ए-बी तारा उलटसुलट जोडल्या गेल्याची शंका मात्र सोडून द्या. तसे असते तर ते चार्जर दुपारीही बोलले नसते.