मदत हवी आहे: रायफल खाली मारायली, कोणती पेलेट घ्यावी? (लातूर)

औसा_शिवार
नमस्कार मंडळी. पोरीची एअर रायफल मंगळवारपासून खाली मारायली. आधी टार्गेटवर नऊ-दहा गुणांच्या रिंगेत बसायचं, आता सात, सहा, अन् तेही सगळे खालच्या बाजूला. साईट (नेम धरायचा भाग) वर घेतली तर पहिल्या पाच-सात गोळ्या वर जातात, मग पुन्हा खाली. स्पर्धा १९ दिवसांवर आलीय. पेलेटचा, म्हणजे शिशाच्या बारक्या गोळ्यांचा, नवा डबा सोमवारीच फोडला होता, म्हणजे पेलेटच खराब असणार. कोणती पेलेट घ्यावी अन् लातुरात कुठं मिळंल, एवढंच सांगा. लवकर सांगा.

नेमके_परभणी
रायफल कोणती? स्प्रिंगची की हवेच्या सिलिंडरची? अंतर किती? घरात मारते की मोकळ्या जागेत? तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही.

औसा_शिवार
स्पर्धेची म्हटल्यावर दहा मीटरच की. घरीच मारते, सोयाबीन ठेवायच्या शेडात. टार्गेट कागदाचं.

नेमके_परभणी
रायफल राहिलीच.

काटेतोल
मी उमरग्याचा, सराफीचं दुकान आहे. मुलगा तीन वर्षांपासून नेमबाजी करतो, त्यामुळं अनुभवानं सांगतो. ब्रँड बदलून उपयोग नाही, पेलेट तोलून घ्या. रायफलची मॅच (स्पर्धेची) पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमची असते. एकाच डब्यात ०.५२५ पासून ०.५३५ पर्यंत निघालेल्या मी स्वतः बघितल्यात. रोज रात्री दुकान बंद केल्यावर शंभर पेलेट तोलतो अन् सारख्या वजनाच्या वेगळ्या डबीत ठेवतो. काटा मात्र हजारांश ग्रॅम दाखवणारा पाहिजे. शंभरांशाच्या काट्याला हा फरक नीट दिसत नाही. ओळखीच्या सराफाकडं जा, तो नाही म्हणणार नाही.

गोदाकाठ_नांदेड
काटेतोल, तुमच्या कष्टाबद्दल आदर आहे, पण इथं वजनाचा प्रश्न नाही. हिशोब करून बघा. मॅच रायफलची गोळी साधारण १७० मीटर प्रतिसेकंदानं निघते. हवेचा रोध सोडला तर दहा मीटर जाईपर्यंत ती सुमारे १७ मिलिमीटर खाली येते, तेवढं साईटमध्ये धरलेलंच असतं. वजनात एक टक्का फरक पडला तर या १७ मिलिमीटरमध्ये पाव मिलिमीटरचाही फरक पडत नाही. पण वेग १५० वर आला तर गोळी २२ मिलिमीटर खाली येते, १३५ वर आला तर २७. दहा मीटरच्या टार्गेटवर एक रिंग म्हणजे अडीच मिलिमीटर. १० मिलिमीटर जास्तीचं खाली म्हणजे चार रिंग, दहाचा सहा. पोरीचं नेमकं हेच व्हायलंय.

औसा_शिवार, पहिल्या पाच-सात गोळ्या वर अन् मग खाली, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. रायफल सिलिंडरचीच असणार. सिलिंडरच्या दाबाच्या गेजवर काटा किती दाखवतो?

औसा_शिवार
हो, सिलिंडरचीच. जर्मन आहे, जुनी घेतली. हवेचा काही प्रश्न नाही, मी स्वतः पंप मारतो रोज सकाळी. पेलेट कोणती ते सांगा ना.

काटेतोल
गोदाकाठ, तुमचा हिशोब कागदावर बरोबर असंल. पण तोलायला लागल्यापासून माझ्या मुलाचे गुण वाढलेत, हे मी डोळ्यानं बघितलंय. मोठ्या स्पर्धेत दशांशात गुण मोजतात, ६० गोळ्यांना ६५४ पैकी. पाव मिलिमीटर म्हणजे एक दशांश होतो. तो सोडायचा का?

गोदाकाठ_नांदेड
सोडायचा नाही, पण आधी चार रिंग सापडू द्या, दशांश मग शोधू.

मास्तर_लातूर
पोरगी कितवीला आहे? दहावीला असेल तर आपल्याकडं कसं असतं ते माहीत आहे. दिवस उजाडायच्या आधी शिकवणी, रात्री पुन्हा शिकवणी. या वर्षी बंदूक कपाटात ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. एक वर्ष गेलं तर परत येत नाही.

नेमके_परभणी
मास्तर, विचारलंय काय अन् तुम्ही सांगताय काय? राज्यपातळीवर खेळलं तर दहावीला क्रीडा गुणांची सवलत मिळते, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. अन् हे काहीच नसतं तरी पोरीला खेळू द्यायला कारण लागत नाही. कोल्हापूरकडच्या पोरांनी हेच केलं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. मराठवाड्याच्या पोरांचे हात कमी स्थिर असतात का? इथं रेंज नाही, सांगणारं माणूस नाही, म्हणून पोरं मागं राहतात.

मास्तर_लातूर
मी तीस वर्षं पोरं शिकवली आहेत. काळजीपोटी बोललो, वाईट वाटून घेऊ नका.

किल्ले_धारूर
शेडात बंदूक चालवायला परवाना लागतो. कुणी तक्रार केली तर पंचाईत होईल.

गोदाकाठ_नांदेड
०.१७७ इंच बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीचं भोक) अन् २० जूल ऊर्जेपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. ०.५३ ग्रॅमची गोळी १७० च्या वेगानं म्हणजे साडेसात जूलच्या आसपास. विकत घेताना ओळखपत्र दिलेलं असतं, ती पावती जपून ठेवा. टार्गेटच्या मागं मात्र भक्कम भिंत अन् गोळी अडवणारा लोखंडी ट्रॅप हवा. शेडाचं दार टार्गेटच्या बाजूला असेल तर मारताना आतून कडी लावा.

औसा_शिवार, गेजचा आकडा लिहा. तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

औसा_शिवार
आताच बघून आलो. काटा ६० अन् ८० च्या मध्ये आहे. सकाळी पंप मारला तेव्हा १०० होता. त्याच्या पुढं दांडा दबतच नाही, मी साठ किलोचा माणूस. पोरगी ऐंशी-नव्वद गोळ्या मारते. आधी क्लबमध्ये भरून मिळायचं. सोमवारपासून तिथला कंप्रेसर बंद पडलाय म्हणून पंप आणला. पण फस्स आवाज येतो, गोळी जाते. हवा संपली असती तर गेलीच नसती ना?

गोदाकाठ_नांदेड
इथंच सगळं आहे. सोमवारी कंप्रेसर बंद पडला अन् मंगळवारपासून गोळी खाली, हे पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे होतं.

सिलिंडर २०० बारचं असतं (बार म्हणजे दाबाचं माप, गेजवरचे आकडे त्याचेच). आत रेग्युलेटर असतो, तो सिलिंडरमधला जास्तीचा दाब उतरवून प्रत्येक गोळीला सारखी हवा देतो. सिलिंडरमधलाच दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली गेला की त्याच्या हातात काही राहत नाही. मग प्रत्येक गोळीला हवा आधीपेक्षा थोडी कमी अन् गोळी थोडी अजून खाली. १०० वर सुरू करता तेव्हा पहिल्या गोळ्यांना वेग पुरेसा असतो, म्हणून साईट वर घेतली की त्या वर जातात. तुम्ही साईट वर घेतली ती या पडत्या दाबाला जुळवून. ती आधी होती तिथं आणा.

वेल्डर_जालना
दादा, पंपात जीव घालू नका. माझं वर्कशॉप आहे. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर भरलेला आला की १५० बार असतो. नोझल मी करून देतो, दोन मिनिटांत भरून निघेल, पैसे नको.

गोदाकाठ_नांदेड
नाही. ऑक्सिजन कधीच नाही. औसा_शिवार, हे वाचून गाडी काढू नका. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला तेलाचा, ग्रीसचा एक थेंब पुरतो. ठिणगीही लागत नाही, आपोआप पेट घेतो. रायफलच्या व्हॉल्व्हला, ओरिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) ग्रीस असतंच, अन् मारताना पोरीचा गाल त्या सिलिंडरपासून वीतभर लांब असतो. फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची.

वेल्डर दादा, तुमचं मन मोठं आहे हे दिसतंय. पण तुम्हीच आठवा, ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावला तर तुम्ही पोरांवर किती ओरडता?

वेल्डर_जालना
बरोबर आहे. माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. बंदुकीत ग्रीस असतं हे डोक्यातच आलं नाही. आधीची पोस्ट कुणी वाचून करू नये. ॲडमिननी काढून टाकावी ही विनंती.

सोयाबीन_हिंगोली
मग पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर भरा की. आमच्या फाट्यावर दिवसभर चालू असतो.

नेमके_परभणी
तो आठ-दहा बार देतो. इथं २०० लागतात.

किल्ले_धारूर
विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्याकडं वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक आहे, परवाना चालू आहे. काडतुसं महाग झालीत. चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो टरेट प्रेस पाठवतो, घरीच काडतुसं भरा. कोणती मागवावी?

ह्यूस्टनकर
मूळचा बीडचा, इथं टरेट प्रेस वापरतो. वरच्या गोल चकतीत चार डाय (काडतूस भरायचे साचे) बसतात. दांडा ओढला की एक काम होतं, चकती फिरते, पुढचा डाय समोर येतो. एकच पितळी केस जागेवर राहून चारही कामं होतात. पण हे यंत्र पिस्तूल-रायफलच्या काडतुसांसाठी आहे. बारा बोअरचं छऱ्याचं काडतूस भरायला वेगळंच यंत्र लागतं. म्हणजे भाऊ चुकीची वस्तू पाठवायला निघालाय. अन् यंत्रापेक्षा मोठा प्रश्न कायद्याचा आहे. इथं घरी भरणं हा छंद आहे, तिथं तसं नाही. भारतात दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, बंदूक बाळगायचा परवाना त्याला चालत नाही. काडतुसातली बंदुकीची दारू अन् ती पेटवणारी टोपी यांना स्फोटकांचा कायदा आहेच. भावाला थांबवा, आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

किल्ले_धारूर
बरं झालं विचारलं. त्याला आजच फोन करतो.

डॉक्टर_अंबाजोगाई
मला नेमबाजीतलं कळत नाही, पण एक गोष्ट वाचून राहवलं नाही. पेलेट शिशाच्या असतात. ट्रॅपवर आपटून शिशाची धूळ पडते, अन् त्याच शेडात तुम्ही सोयाबीन ठेवता. धान्य आजच तिथून हलवा. झाडू मारू नका, धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसून काढा. पोरीनं मारून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, अन् पेलेट ओठात धरायची सवय असेल तर मोडा. घरात लहान मूल असेल तर त्याला शेडात येऊच देऊ नका. वाढत्या वयात शिसं मेंदूवर परिणाम करतं.

औसा_शिवार
डॉक्टर साहेब, पेलेट ओठात धरते ती. आज सांगतो. पोती भावाच्या गोठ्यात हलवायलोय.

गोदाकाठ सर, मग १०० च्या पुढं पंप कसा न्यायचा?

गोदाकाठ_नांदेड
दंडाच्या जोरानं नाही, हात सरळ ठेवून अंगाचा भार टाकायचा. दांडा वर अन् खाली दोन्हीकडं पूर्ण न्यायचा. समजा सिलिंडर पाव लिटरचं असेल तर १०० वरून २०० न्यायला २५ लिटर हवा आत घालावी लागते, म्हणजे घाई करून चालणार नाही. पन्नास वेळा मारून झालं की पंप गार होऊ द्या. ओलावा काढायचा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो दर वेळी सोडा. शक्यतो पहाटे भरा अन् पत्र्याच्या शेडात ठेवू नका. पहाटे २० अंशाला २०० भरलं तर दुपारी ४५ अंशाला तेच २१७ होतं.

पण त्याच्या आधी एक करा. जुनी रायफल म्हणालात. सिलिंडरवर महिना अन् वर्ष कोरलेलं असतं, ते वाचून इथं लिहा. तोवर पंप लावू नका.

औसा_शिवार
०४ अन् त्याच्या पुढं १२.

गोदाकाठ_नांदेड
एप्रिल २०१२. या सिलिंडरना कंपनी १० वर्षांची मुदत देते. तुमचं २०२२ लाच संपलंय. ते आता भरू नका, शंभरपर्यंतही नाही. मोठ्या स्पर्धेत साहित्य तपासणीच्या टेबलावर तारीख बघतात. मुदतीतलं सिलिंडर आणणं ही खेळाडूचीच जबाबदारी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पोरगी १९ दिवस घाम गाळून जाईल अन् तिथं अडेल.

औसा_शिवार
विकणाऱ्यानं याच्यातला एक शब्द सांगितला नाही. सोयाबीनचे पैसे आले तेव्हा घेतली होती सर, दोन वर्षांपूर्वी. दोन वर्षं ती याच सिलिंडरजवळ गाल ठेवून मारायली. आता अंगावर काटा आला.

गोदाकाठ_नांदेड
रायफल चांगली आहे, फक्त सिलिंडर बदलायचंय. मॉडेलचं नाव मला निरोपात पाठवा, आटे जुळले पाहिजेत. माझ्याकडं त्या कंपनीचं एक मुदतीतलं आहे. रविवारी लातूरला येणारच आहे, भरून आणतो. स्पर्धेपर्यंत ठेवा. पुढचं भरून घ्यायला क्लबच्या कंप्रेसरवर अवलंबून राहू नका. कारखान्यांना अन् अग्निशमनवाल्यांना श्वसनाच्या हवेचे सिलिंडर भरून देणारे असतात. त्यांचा दाब २०० किंवा ३०० बार असतो अन् हवा कोरडी, गाळलेली. वाळूजकडं चौकशी करा.

औसा_शिवार (रविवारी रात्री)
सर येऊन गेले. साईट आधीच्या जागी आणली. सुताराचा शिकंजा गोधडीचा तुकडा घालून टेबलाला आवळला, रायफल त्यात धरून दहा गोळ्या मारल्या. दहाही एकाच भोकात, बाहेरून बाहेर मोजलं तर ७ मिलिमीटर. पेलेट त्याच, सोमवारच्या डब्यातल्या. मग पोरीनं हातानं चाळीस मारल्या, खाली एकही गेली नाही. ती काही बोलली नाही, टार्गेट दप्तरात घालून ठेवलं.

काटेतोल दादा, तुमची तोलायची गोष्ट तिला पटलीय, स्पर्धेच्या साठ पेलेट तोलूनच नेणार म्हणते.

आता जुन्या सिलिंडरचं काय करू? भंगारवाला सोमवारी येतो.

काटेतोल
औशाहून उमरगा लांब नाही. पोरीला घेऊन या, दुकानातच बसून तोलू.

गोदाकाठ_नांदेड
तसंच देऊ नका. त्यानं ते विकलं तर कुणीतरी पुन्हा भरंल. आधी पेलेट न घालता मारत राहा, आवाज पूर्ण थांबेपर्यंत. गेज शून्यावर आलं की मगच हात लावायचा. मग सिलिंडर काढून वेल्डर दादांकडं द्या. ते रिकामं असल्याची स्वतः खात्री करून आडवं कापून देतील.

वेल्डर_जालना
जालन्यापर्यंत कशाला येता. लातूरच्या एमआयडीसीत माझा मित्र आहे, त्याला सांगून ठेवतो. मधोमध कापून दोन तुकडे परत देईल.