मदत हवी आहे: सर्व्हरचे पंखे सारखे वर-खाली होताहेत

नमस्कार मंडळी. रॅकमधल्या एका २यू (दोन खण उंचीच्या) सर्व्हरचे पंखे खडखडायला लागले म्हणून कमी वेगाचे नवीन बसवले. तेव्हापासून एकच चक्र सुरू आहे. वेग ५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) खाली गेला की बीएमसी, म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणारी बोर्डवरची वेगळी चिप, पंखा बंद पडला असं धरते आणि सगळेच पंखे पूर्ण वेगाने पळवते. वेग वाढला की अलार्म मिटतो, पंखे मंदावतात, आणि परत तेच. सीपीयूचं तापमान मात्र ४५ अंशांच्या आसपास स्थिर आहे.

बीएमसीशी बोलणाऱ्या आयपीएमआयटूल या प्रोग्रॅमच्या ‘सेन्सर थ्रेश’ कमांडने पंख्याच्या वेगाच्या खालच्या तिन्ही इशारा-मर्यादा १००, २००, ३०० केल्या की सगळं शांत होतं. पण बीएमसी रीसेट झाली की जुने आकडे परत येतात! बूट होताना सिस्टमडीतून (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) कमांड चालवता येईल, पण मशीन चालू असताना बीएमसी एकटीच रीसेट झाली तर? मर्यादा कायमच्या साठवायचा काही मार्ग आहे का?

शिवाय पंखे मंद झाल्यापासून मला जास्त काळजी डिस्कची वाटते. त्या रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) मागे आहेत, म्हणून ‘मेगारेड’ पर्याय आणि डिस्कचा क्रमांक देऊन स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या कमांडने एकेक वाचते आहे. डिस्कवर सतत लक्ष ठेवणाऱ्या स्मार्टडी या प्रोग्रॅमवर तापमानाची सूचना लावायची तर त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये प्रत्येक डिस्कसाठी वेगळी ओळ लिहावी लागेल का? कोणी स्वतःकडे नीट चालणारी अशी फाईल दाखवली तर फार मदत होईल.