मदत हवी आहे: अण्णांची पुरात गेलेली पिंक फ्लॉइडची कॅसेट, आता नेमकी कोणती आवृत्ती घेऊ?

खालचापाट:
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, उमेदीच्या काळात बोटीवर होते. १९८१-८२ च्या सुमारास येताना परदेशी बंदरांतून कॅसेटी आणायचे. साबण, सेंट, घड्याळं बाकीचे आणत. ह्यांच्या बॅगेत कॅसेटी. चिपळुणात पेठमापला घर होतं, तिथे लाकडी कपाट भरून संग्रह. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा अण्णा माळ्यावर चढून बसले आणि कपाट खाली राहिलं. पाणी ओसरल्यावर मी गेलो तर त्यांनी सगळ्या कॅसेटी धुऊन अंगणात ओळीने वाळत घातल्या होत्या, कुरडया घालतात तशा. एकही वाजली नाही. नंतर ते आमच्याकडे गुहागरला आले ते आलेच.

पुढच्या महिन्यात त्यांची सत्तरी. त्यांची सगळ्यात लाडकी पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची कॅसेट परत आणून द्यायची असं मी ठरवलंय. 'मनी' हे गाणं त्यात होतं हे नक्की, म्हणून 'द डार्क साइड ऑफ द मून' हा त्या बँडचा अल्बम शोधायला घेतला. तिथेच घोळ झाला. आवृत्त्याच किती! साधी, २०११ ची, पन्नास वर्षांची, दोन डिस्कची, मोठ्या पेटाऱ्यातली.

म्हटलं आधी फोनवर ऐकवू. सुरुवातीला नाणी, कागद फाडल्याचा आवाज, गल्ल्याची घंटी. अण्णांनी डोळे मिटले आणि आरामखुर्चीच्या हातावर बोटांनी सात मात्रा धरल्या. बोटीवरून परतल्यावर ते भजनात पखवाज वाजवायला लागले, तेव्हा हे गाणं म्हणजे तेवरा, हा सात मात्रांचा ताल, असं ते आम्हाला लहानपणापासून सांगतात. मिनिटभर गेलं असेल, डोळे उघडून म्हणाले, "हे ते नव्हे."

दुसरी आवृत्ती लावली. "नव्हे रे. ड्रम वेगळा होता." तिसरी. "गाणं तेच, वाजवणारा हात तो नव्हे."

घरचे म्हणतात वय झालं. मला पटत नाही. रॉटरडॅमला कुठल्या गल्लीत चहा बरा मिळायचा हे ज्यांना आठवतं ते ड्रम विसरतील?

तर, कोणतं रिमास्टर (जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज सुधारून काढलेली आवृत्ती) घेऊ? बजेट आठ-दहा हजार. डिलक्स पेटारा घेण्यात अर्थ आहे का? आणि इथल्या खाऱ्या हवेत ते टिकेल का?

रेकॉर्डवेडा:
आयुष्यात एकदाच सत्तरी येते, कंजूषपणा करू नका. २०११ चा इमर्शन बॉक्स कुठे मिळाला तर डोळे मिटून घ्या. अ‍ॅलन पार्सन्स या साउंड इंजिनिअरने १९७३ साली केलेलं चार स्पीकरांचं मिक्स (वाद्यांच्या आवाजांची जुळणी) त्यात आहे, १९७४ चा वेम्बलीचा कार्यक्रम आहे. अण्णांनी ऐकलेलं वेगळं मिक्स त्यातलंच असू शकतं.

खवचट_मालवणी:
रेकॉर्डवेडादादा, पूर्ण सांगा की. त्या पेटाऱ्यात गोट्या पण आहेत, मफलर आहे आणि कपाखाली ठेवायच्या चकत्या आहेत. गुहागरात मफलर! सत्तरीला गोट्या!
एकच रेकॉर्ड सहा प्रकारे विकायची आणि वर बोरं-बत्तासे ठेवायचे, हा सगळा धंदा आहे. साधी सीडी घ्या, उरलेल्या पैशांत सगळ्यांना आमरसाचं जेवण घाला.

रेकॉर्डवेडा:
गोट्यांचं समर्थन मीही करत नाही. पण चांगली जुनी टेप कपाटातून निघते ती या पेटाऱ्यांमुळेच. लेड झेपेलिन या बँडचे अल्बम २०१४-१५ मध्ये त्यांचा गिटारवादक जिमी पेजने स्वतः बसून पुन्हा काढले, सोबत जोडडिस्क दिल्या, एकही गोटी नाही. आणि बीटल्सचं २०२२ चं 'रिव्हॉल्व्हर' ऐकलंत का? एकाच ट्रॅकवर चिकटलेली वाद्यं संगणकाने वेगळी काढून निर्माता जाईल्स मार्टिनने नवं मिक्स केलं. हे पैशांशिवाय होत नाही.

पश्चिमवारा:
हवेबद्दल मी सांगतो, मी मुरुडला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. सीडीला फारसं काही होत नाही, पुठ्ठ्याला होतं. माझ्या एका पेटाऱ्यातल्या जाड पुस्तकाची पानं पहिल्याच श्रावणात एकमेकांना चिकटली, वर राखाडी बुरशी. आता सगळं लोखंडी कपाटात आहे. खालच्या फळीवर झिरोचा बल्ब पावसाळाभर चालू, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. लाईट गेली की तेवढं नशीब. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, आडव्या रचल्या की वाकल्याच.
आणखी एक, मोठं पार्सल मागवणार असाल तर पत्ता चिपळूणचा द्या. माझा पेटारा कुरिअरवाल्याने दापोलीतच ठेवून फोन केला, "मोठा हाय, येऊन घेऊन जा." गेलो तर त्यावर कोणाच्या तरी मिक्सरचं खोकं. कोपरा चेपलेला. कस्टमचं किती भरलं ते लिहीत नाही, हा धागा घरातही वाचला जातो.

सुपारीबाग:
तुम्ही सगळे पेटाऱ्यावर भांडताय, पण मूळ प्रश्न राहिला बाजूला. खालचापाट, कॅसेटीच्या कव्हरावर डार्क साइडवर असतो तसा काळ्यावर त्रिकोण आणि रंगांचा पट्टा होता, असं अण्णा म्हणाले का? की 'मनी' आहे म्हणजे डार्क साइडच असणार, हे तुम्हीच धरलंत?

खालचापाट:
ताई, मीच धरलं. आत्ता विचारून आलो. अण्णा म्हणतात: "त्रिकोण कसला? नाचणारं जोडपं होतं. आणि त्यांना दोऱ्यांनी जमिनीला बांधलेलं, तंबू ठोकतात तसं."
मला वाटलं दुसऱ्याच कुठल्या कॅसेटीशी गल्लत होतेय.

सुपारीबाग:
अजिबात गल्लत नाही! अण्णांना माझा नमस्कार सांगा. ती डार्क साइड नव्हेच. ते 'अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज' नावाचं १९८१ चं कॉम्पिलेशन, म्हणजे निवडक गाण्यांचा संग्रह. नाव थट्टेचं आहे, त्यातल्या एकाही गाण्यावर धड नाचता येत नाही, म्हणून तर कव्हरावरचं जोडपं दोऱ्यांनी जखडलेलं.

आणि ड्रमचं अण्णा म्हणतात ते शब्दशः खरं. अमेरिकेत डार्क साइडचे हक्क कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीकडे होते आणि हे कॉम्पिलेशन काढत होती कोलंबिया ही दुसरी कंपनी. कॅपिटॉलने 'मनी' द्यायला नकार दिला. मग बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमूरने ते गाणं स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड केलं. गिटार, बास, ड्रम सगळं स्वतः वाजवलं. सॅक्सोफोनला तेवढा मूळचाच डिक पॅरी. म्हणजे बँडचा ड्रमर निक मेसनचा हात त्यात नाहीच. हजार रिमास्टर ऐकवलेत तरी अण्णा "हे ते नव्हे" म्हणणारच.

खालचापाट:
ताई, अंगावर काटा आला. चाळीस वर्षांनी, तेही ब्लूटूथच्या डबड्यावर, त्यांनी हात ओळखला. मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा ओटीवरून म्हणाले, "मग मी काय सांगत होतो?"

खवचट_मालवणी:
शब्द मागे घेतो. पण कॉम्पिलेशन हा प्रकार मला अजूनही भेळ वाटतो. त्याच बँडचं २००१ चं 'एकोज' घ्या. साडेतेवीस मिनिटांचं 'एकोज' कापून साडेसोळावर आणलं. ज्या गाण्याचं नाव अख्ख्या संग्रहाला दिलं त्याचेच पाय कापले.

सुपारीबाग:
अण्णांच्या कॅसेटीतही 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चे तुकडेच जोडलेत. पण ज्याने आधी तेच ऐकलं त्याला ते अख्खंच वाटतं. बोटीवर कोण डिस्कोग्राफी घेऊन बसणार? बीटल्सचा लाल आणि निळा संग्रह १९७३ चा, तेवढ्यावर दोन पिढ्या बीटल्स शिकल्या.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, कारण रिमास्टर आणि रिमिक्स यांत दरवेळी गल्लत होते. रिमास्टर म्हणजे शिजलेल्या आमटीत वरून मीठ-गूळ सारखं करणं. रिमिक्स म्हणजे डाळ, फोडणी, आमसूल पुन्हा वेगळं काढून नव्या प्रमाणात घालणं. आणि री-रेकॉर्डिंग म्हणजे दुसरीच आमटी, जुन्या नावाने वाढलेली. पहिल्या दोन्हींत बरंवाईट होऊ शकतं. तिसऱ्या वेळी ताटात काय आहे ते आधी विचारावं.

पश्चिमवारा:
तिसऱ्याचं वाईट उदाहरण म्हणजे रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्न. पहिले दोन सोलो अल्बम २००२ साली परत काढले त्यात बॉब डेझलीचा बास आणि ली कर्स्लेकचे ड्रम पुसून दुसऱ्यांकडून वाजवून घेतले. २०११ च्या आवृत्तीत मूळ वाजवणं परत आलं. मी ती २००२ ची सीडी हौसेने घेतली होती. आता केळीच्या बागेत पक्षी हाकलायला टांगली आहे, छान चमकते.

रेकॉर्डवेडा:
मान्य. या प्रकरणात पेटारा नको. खालचापाट, ते कॉम्पिलेशन सीडीवर आलेलं आहे, जुन्या मालात बघा. आणि मागवण्याआधी विकणाऱ्याकडून पाठच्या बाजूचा फोटो घ्या. सहाच गाणी असली पाहिजेत. जास्त दिसली तर दुसरं काही गळ्यात मारतोय.

खालचापाट (तीन आठवड्यांनी):
सर्वांचे मनापासून आभार, सीडी मिळाली. पश्चिमवारादादांचं ऐकून मामेभावाचा चिपळूणचा पत्ता दिला आणि गुहागर एसटीने स्वतः घेऊन आलो. सीडी जुनी आहे, डबीला एक तडा, बाकी ठीक.

काल सत्तरी झाली. पाहुणे पांगल्यावर रात्री जुना डीव्हीडी प्लेयर लावला. कव्हर आधी दाखवलं नाही. 'वन ऑफ दीज डेज'चा बास सुरू झाला तेव्हाच अण्णा सरळ बसले. मग 'मनी'. बोटं खुर्चीच्या हातावर. गिटारच्या सोलोला सात मात्रांचं चार होतं, तिथे त्यांनी न चुकता बदल घेतला. माझी तर दरवेळी मोजणी चुकते. काही बोलले नाहीत. मान मात्र हलत होती.

तिसरं गाणं 'शीप' संपलं आणि अण्णा उठले. गुडघे धरून, सावकाश, प्लेयरकडे निघाले. मी म्हटलं, काय हवंय? म्हणाले, "बाजू बदलायला हवी ना." तोवर चौथं गाणं आपोआप सुरू झालं होतं. मधेच उभे राहिले आणि हसायलाच लागले.

आज सकाळी चहाला विचारत होते, 'शीप' ज्या अल्बमातलं आहे तो अख्खा मिळेल का, त्यांनी तो कधी ऐकलेलाच नाही. म्हणजे 'अ‍ॅनिमल्स', १९७७. पण बघतो तर २०१८ चं नवं मिक्स म्हणून एक आवृत्ती २०२२ मध्ये निघालीय. अण्णांच्या कानात मूळ 'शीप' बसलेलं आहे, ती तीन गाण्यांची कॅसेटीची बाजू. जुनं मिक्स घेऊ की नवं? इथेच विचारू की नवा धागा काढू?

खवचट_मालवणी:
इथेच विचारा. पण गोट्या आहेत का ते आधी बघून घ्या.