उरलेल्या सुट्या भागांचा २४० टनी रणगाडा: कल्पना आहे म्हणून काहीही चालतं का?

सदाशिव_पेठी

परवा स्प्रूबहाद्दरने त्याच्या 'ऐरावत'चे फोटो टाकले, बऱ्याच जणांनी बघितले असतील. ज्यांनी नाही त्यांच्यासाठी: १/३५ स्केलचं प्लास्टिक मॉडेल, खाली दुसऱ्या महायुद्धातल्या माउस या अजस्र जर्मन रणगाड्याची बॉडी, वर प्लास्टिक कार्डचं घरी बनवलेलं टरेट (तोफेचा फिरता बुरूज), यागटायगरच्या किटमधून उरलेली १२८ मिमीची तोफ, किंग टायगरची चाकं आणि पट्टे (हे दोन्हीही जर्मनच). काल्पनिक साल १९४६, काल्पनिक वजन २४० टन. काम सुंदर आहे, मी तिथं तसं लिहिलंही. पण फोटोंच्या खाली त्याने जे लिहिलंय ते वाचून माझी झोप उडाली. म्हणे, "खऱ्या रणगाड्याची हुबेहूब नक्कल करणारे कारकून असतात, रिव्हेट मोजत बसतात. कल्पनेला नियम नसतात."

मी वीस वर्षं रिव्हेट मोजतोय, म्हणून मला बोलायचंय.

खऱ्या माउसचं वजन १८८ टन. पट्टा ११० सेंमी रुंद, जमिनीला टेकणारी लांबी साधारण ५.९ मीटर. दोन्ही पट्टे धरून १३ चौरस मीटरच्या आसपास जागा झाली, म्हणजे दर चौरस सेंमीला जवळपास १.४५ किलो दाब. हेच मुळात भयंकर आहे, रशियन टी-३४ रणगाड्याचा दाब याच्या निम्म्याच्या आसपास होता. आता ऐरावत बघा. वजन नेलं २४० टनांवर आणि पट्टे लावले किंग टायगरचे, ते ८० सेंमीचे. करा भागाकार, अडीच किलोच्या वर जातं. हा गाडा कारखान्याच्या फरशीवरून उतरला की पोटापर्यंत जमिनीत. दुसरं म्हणजे टरेट इतकं पुढे आलंय की ड्रायव्हरचं झाकण त्याच्याखाली दबलंय, आत बसलेला माणूस बाहेर येणार कुठून? आणि इंजिनाचा धूर बाहेर पडायला एकही नळी नाही!

काल्पनिक रणगाडा बनवायला माझा शून्य विरोध आहे. पण तो रणगाडा आहे असं मला वाटलं पाहिजे, तोफ लावलेला डबा नाही.

स्प्रूबहाद्दर

दादा, तुमचा अख्खा प्रतिसाद दोनदा वाचला. कारकून हा शब्द तुम्हाला लागला असेल तर तो मागे घेतो, बाकीचं मागे घेत नाही.

मुळात हा रणगाडा का झाला ते ऐका. माझ्याकडे माउस आला सेकंडहँड, डबा उघडला तर टरेटचा स्प्रूच (सुटे भाग लागलेली प्लास्टिकची चौकट) नाही आणि पट्ट्यांच्या निम्म्या कड्या गायब. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. पूर्ण किट पुन्हा घ्यायची माझी ऐपत नव्हती, तेव्हा दीड वर्ष ती बॉडी कपाटावर पडून होती. मग एका रात्री सुट्या भागांचा खोका पलंगावर उपडा केला, पंधरा वर्षांत जमलेलं सगळं, आणि त्यातून हा उभा राहिला. टरेटच्या जोडांवर जे वेल्डिंग दिसतंय ना, ते स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर धरून ताणायचा, केसासारखी तार निघाली की फटीत बसवायची, वरून लिक्विड सिमेंट फिरवायचं, मऊ झालं की ब्लेडच्या टोकाने एकेक मिलिमीटरवर दाबत जायचं. असं एकूण सव्वा मीटर वेल्डिंग आहे त्यावर. तोफेच्या मुळाशी जी ओतीव लोखंडाची खडबडीत पोत आहे ती एम-सील पातळ लावून जुन्या टूथब्रशने ठोकून काढली. डब्यातली माहितीपत्रिका बघून चिकटवण्यापेक्षा याला जास्त अक्कल लागते, या मतावर मी ठाम आहे.

आणि तुमच्या आवडत्या खऱ्या माउसबद्दल. रशियात कुबिंकाला जो एकुलता एक माउस उरला तो काय आहे? पहिल्या प्रोटोटाइपची बॉडी आणि दुसऱ्याचं टरेट, रशियनांनी जोडून उभा केलेला. जगातला शेवटचा खरा माउसच सुट्या भागांचा आहे दादा!

ठाणेकर_७२

कुबिंकाचा मुद्दा जबरदस्त. त्यात अजून भर घाला. पोर्शेने टायगर रणगाड्याच्या कंत्राटासाठी आधीच बॉड्या बनवून ठेवल्या, कंत्राट गेलं हेन्शेल कंपनीला, मग त्या नव्वदेक बॉड्यांवर ८८ मिमीची तोफ बसवून फर्डिनांड बनवले आणि १९४३ ला कुर्स्कला पाठवले. आपल्याकडे विजयंता रणगाड्याची बॉडी लांबवून त्यावर रशियन १३० मिमीची एम-४६ तोफ ठेवली, तोच कॅटापल्ट. सैन्यंसुद्धा खोका उपडाच करतात.

मिरजकर

ऐपतीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ मध्ये ७० केली. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राचा नियम २०२१ पासून. पोरांच्या स्वस्त खेळण्यांसाठी केलेलं असेल, पण त्या जात्यात आपणही भरडले जातो. माझं एक पार्सल दोन महिने अडकलं, शेवटी आलं तेव्हा डबा फोडलेला आणि तोफ मधोमध मोडलेली. तक्रार केली तर इकडून तिकडे टोलवलं. अशा परिस्थितीत कुणी उरलेल्या तुकड्यांतून काही उभं करतोय आणि आपण त्याला पट्ट्याची रुंदी विचारतोय. लाज वाटली पाहिजे.

सदाशिव_पेठी

मिरजकर, ड्यूटीबद्दल शंभर टक्के सहमत, पण ड्यूटी वाढली म्हणून भौतिकशास्त्र बदलत नाही. गरिबीतून बनवलं म्हणून चूक बरोबर ठरते का? आणि ठाणेकर, तुमची दोन्ही उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. फर्डिनांड काय किंवा कॅटापल्ट काय, तोफ ठेवण्याआधी कुणीतरी बसून वजनाचा हिशोब केलेला होता.

वजन जास्त आणि जमीन मऊ असली की काय होतं ते आपल्याला जर्मनीत जाऊन शोधायला नको. १९६५ ला खेमकरणला पाकिस्तानचे पॅटन चिखलात रुतले म्हणून आपण जिंकलो. शेतात पाणी सोडलं, काम झालं.

फौजीपुत्र

मी इथं फक्त फोटो बघायला येतो, लिहीत नाही. पण शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

"रुतले म्हणून जिंकलो"? साहेब, जरा जपून. माझे वडील सेंच्युरियनवर गनर होते, ६५ ला सियालकोटच्या बाजूला, आता ८३ वर्षांचे आहेत. पॅटन होता ४५ टनांच्या आसपास आणि आपला सेंच्युरियन ५० च्या वर. तुमच्या हिशोबाने आधी आपण रुतायला हवं होतं! खेमकरणजवळ असल उत्तरला पाणी सोडलं हे खरंच, पण रुतलेल्या रणगाड्याचीही तोफ चालते. त्याच्यासमोर ऊसात दबा धरून कुणीतरी बसावं लागतं, अंगावर येऊ द्यावं लागतं. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस गनने रणगाडे उडवले ते काय चिखलाने उडवले? तिकडे सियालकोटच्या बाजूला फिलोराला पूना हॉर्सचे कर्नल तारापोर जखमी असून मागे फिरले नाहीत, पुण्याच्या नावाची रेजिमेंट आहे ती, पेठेत राहून एवढं तरी माहिती असावं.

सदाशिव_पेठी

अहो, मी जवानांचा अपमान कुठे केला? मी जमिनीबद्दल बोलतोय. तीन दिवसांत नव्वदच्या वर रणगाडे गेले त्यांचे, त्यातले कितीतरी धड अवस्थेत सापडले. धड सापडले म्हणजे कशाने थांबले? आणि पेठ मध्ये आणायचं कारण नव्हतं.

फौजीपुत्र

धड सापडले कारण आतले लोक सोडून गेले, कारण तिन्ही बाजूंनी मार बसत होता. घोड्याच्या नालेसारखी रचना होती आपली, त्यात ओढून घेतलं त्यांना. हे तुम्ही एका भागाकारात बसवता.

वडील सांगतात, चिखल आम्हालाही तेवढाच होता. फरक एवढाच की संध्याकाळी थांबलो की आधी पट्ट्यातला चिखल काढायचा मग जेवायचं, ही शिस्त होती. पहारीने काढायचे. वाळला की दगड होतो आणि दुसऱ्या दिवशी पट्टा उतरतो. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी पट्ट्याच्या पिनेखाली सापडून वाकडी झालीय ती आजही तशीच आहे. तुमच्यासाठी वजन हा आकडा असेल, आमच्या घरात ती करंगळी आहे.

गोव्याचो_मॉडेलर

दोघेही थोडं थंड घ्या. पाणी, ऊस, सेंच्युरियन, शर्मन, जीपवरच्या तोफा सगळं मिळून ते झालं. पॅटनचं रेंजफाइंडर (नेमासाठी अंतर मोजायचं यंत्र) किचकट होतं, शिकायला वेळ लागायचा, हेही एक कारण सांगतात. एकच कारण धरून बसलात तर दोघंही चुकणार.

विदर्भ_आर्मर

वजनावरून आठवलं, अर्जुन मार्क १ए ६८ टनांचा आहे, त्याच्यावर कुणीच बोलत नाही का? पुलांचं काय, रेल्वेने न्यायचं काय...

ठाणेकर_७२

अर्जुनवर वेगळा धागा काढा, हात जोडतो. इथं तो शिरला की हजार प्रतिसाद होतील आणि ऐरावत राहील बाजूला.

आर्या_प्लास्टिककार्ड

मूळ मुद्द्यावर येऊ का? पेठीकाका, तुम्ही म्हणता काल्पनिकालाही हिशोब हवा, मला ते पटतं, पण वेगळ्या कारणाने. हिशोबाने मॉडेल जास्त सुंदर होतं. अमेरिकन टी-२८ बघा, ८६ टन, वजन जमिनीवर पसरायला प्रत्येक बाजूला दोन-दोन पट्टे, बाहेरची जोडी काढून एकमेकांना जोडायची आणि मागे ओढत न्यायची. दोनच बनले, त्यातला एक १९७४ मध्ये फोर्ट बेल्व्हॉरच्या मागच्या झाडीत सापडला. माउस पुलावरून जाणार नाही हे माहिती होतं म्हणून तो नदीच्या तळातून चालवायचा विचार होता, काठावरच्या दुसऱ्या माउसने केबलने वीज पुरवायची, कारण त्याची चाकं विजेच्या मोटरवर फिरायची. कल्पना कुणाची जास्त धावली सांगा, आपली की त्या अडचणीत सापडलेल्या इंजिनिअरची? अडचण नसती तर ही केबल कुणाला सुचली असती?

स्प्रूबहाद्दर, तुझ्या खोक्यात उरलेले पट्टे असतील तर चार पट्ट्यांचा ऐरावत कर ना. मला तो बघायचाय.

आणि एक तक्रार दोघांकडेही. मी पहिलं मॉडेल इथं टाकलं तेव्हा सात प्रतिसाद आले, सातही चुका दाखवणारे, त्यानंतर वर्षभर मी काही टाकलं नाही. चूक सांगा, पण आधी काय जमलंय ते सांगा.

सदाशिव_पेठी

आर्या, त्या सातांत मी होतो. आठवतंय मला, तुझ्या शर्मनची चाकं उलटी लागली होती. चाकांबद्दल मी बरोबर होतो, पण दुसरं काही लिहिलं नाही ते चुकलं.

फौजीपुत्र, "म्हणून जिंकलो" हे मी घाईत लिहिलं. "चिखलाचाही हात होता" असं लिहायला हवं होतं. यापुढे मी जात नाही, पण एवढं मान्य.

स्प्रूबहाद्दर

आर्या, चार पट्ट्यांचं डोक्यात बसलं राव. पट्टे आहेत, दोन किंग टायगरचे मोजले तर पुरतात. ८० अधिक ८० म्हणजे बाजूला १६० सेंमी. पेठीदादा, आता तुमचाच भागाकार करतो: जवळपास १९ चौरस मीटर, २४० टनांना सव्वा किलोच्या आसपास. खऱ्या माउसपेक्षा कमी!! नियमांशिवाय चालतं असं मी म्हणालो होतो, आणि रात्री दीड वाजता कॅल्क्युलेटर घेऊन बसलोय. ठीक आहे, पट्ट्यांबाबत तुम्ही जिंकलात. धुराच्या नळ्याही लावतो, पँथरच्या दोन उरल्यात. पण टरेट मागे सरकवणार नाही, त्याची ती पुढे झुकलेली ठेवण मला आवडते, ड्रायव्हरला बाजूने दार काढून देईन.

सदाशिव_पेठी

बाजूने दार म्हणजे चिलखतात भोक. पण चालेल, बंद केलेलं दार म्हणून निदान वेल्डिंग दाखव. आणि इतक्या रुंदीचा गाडा रेल्वेच्या वाघिणीवर मावणार नाही हे लिहून ठेवतो.

ठाणेकर_७२

बाहेरचे पट्टे काढून न्यायचा, टी-२८ सारखा. वर आर्याने लिहिलंय ते वाचा की.

फौजीपुत्र

पेठीसाहेब, तुमचं वाचलं. माझाही आवाज जरा चढला होता.

आज सकाळी वडिलांना ऐरावतचे फोटो दाखवले, टॅबवर मोठे करून. काल्पनिक आहे, असा कधी नव्हता, हे तीनदा सांगावं लागलं. नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेलं होतं तेव्हा सेंच्युरियनसमोर जसे उभे राहिले होते तसेच बघत होते, चष्मा वर करून, बराच वेळ. तोफेबद्दल काही बोलले नाहीत, वजन विचारलं नाही. बोट ठेवलं बाजूच्या लांब प्लेटवर, जी पट्टा पूर्ण झाकते तिच्यावर. म्हणाले, "पट्टा तुटला तर ही उघडायची कुठून?"

स्प्रूबहाद्दर, काय सांगू त्यांना?

स्प्रूबहाद्दर

उघडत नाही. आतून सिमेंटने पक्की चिकटवलीय, वरून रंगही झालाय.

काकांना नमस्कार सांगा. उद्या रविवार आहे, सकाळी करवत घेऊन बसतो. बिजागऱ्या बसवतो, प्रत्येक बाजूला चार तुकडे करून, एक तुकडा उघडा ठेवतो आणि खाली पहार टेकवलेली दाखवतो. पहार केवढी असायची, लांबी विचारून सांगाल का?