डिस्कचं नाव लेबलमध्ये बदलावं की एफएसटॅबमध्ये?

(लेबल म्हणजे डिस्कवरच लिहिलेलं नाव; एफएसटॅब म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची हे सांगणारी लिनक्सची /etc/fstab फाइल. बोलणाऱ्या तिघांना त्यांच्या भागाच्या नावाने ओळखलंय.)

अशोक चौक : चादरीच्या कारखान्यांत डिझाइनच्या संगणकाला दुसरी अंतर्गत डिस्क असते आणि उबंटू लिनक्सच्या 'फाइल्स'मध्ये ती नुसती '५०० जीबी व्हॉल्यूम' दिसते. अशा दोन असल्या की चुकीच्या डिस्कवर कॉपी होणारच. सरळ लेबल बदला. 'डिस्क्स' उघडा, पार्टिशन (डिस्कचा भाग) निवडा, दातेरी चाकाच्या मेनूतून 'एडिट फाइलसिस्टीम', नाव टाका. ईएक्सटी४ ला (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) अनमाउंटही करावं, म्हणजे सिस्टीमपासून सोडवावं, लागत नाही. नाव डिस्कवरच लिहिलं जातं, दुसऱ्या संगणकात लावली तरी सोबत जातं.

साखर पेठ : अजिबात पटत नाही. एफएसटॅबमध्ये नोंद नसलेली डिस्क मीडिया फोल्डरात लेबलच्याच नावाने माउंट होते, म्हणजे जोडली जाते. लेबल बदललं की पुढच्या माउंटला पत्ता बदलतो. बॅकअपची स्क्रिप्ट, सिमलिंक (फाइलीकडे नेणारा शॉर्टकट), इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये जोडलेली चित्रं, सगळं तुटतं. दिसणारं नाव हवंय ना? मग ब्लकआयडी (blkid) कमांडने यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख-क्रमांक, काढा, एफएसटॅबमध्ये कायमचा माउंट पॉइंट (जोडायचा फोल्डर) द्या आणि पर्यायांत नोफेल (nofail, डिस्क नसली तरी संगणक सुरू होऊ द्या), एक्स-जीव्हीएफएस-शो (x-gvfs-show, 'फाइल्स'मध्ये दाखवा) आणि एक्स-जीव्हीएफएस-नेम=नक्षी (x-gvfs-name=, दिसणारं नाव) लिहा, मध्ये फक्त स्वल्पविराम. नावात मोकळी जागा सोडू नका, पुढचा शब्द वेगळा रकाना धरला जातो. मोकळ्या जागेऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि इंग्रजी अंकांत २० लिहायचं.

अशोक चौक : आणि नोफेल राहिलं तर? डिस्क काढल्यावर सिस्टमडी (संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे नुसत्या दुरुस्तीच्या पडद्यावर, नेतं. सकाळी कामगार खोळंबतात. एका नावासाठी एवढी जोखीम कशाला? शिवाय टर्मिनलमध्ये लेबल रिकामंच.

साखर पेठ : रीबूटआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' (findmnt --verify) आणि 'माउंट -ए' (mount -a) चालवा, चूक तिथेच कळते.

बाळीवेस : लांबीचं कुणी बोललं नाही. ईएक्सटी४ च्या लेबलला १६ बाइट मिळतात, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-वेलांटी-हलन्त धरून. 'नक्षी' १५ बाइटांत बसतं, 'सोलापूर'ला २१ लागतात. एफएसटॅबच्या नावाला ही अट नाही. एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टीम) डिस्क विंडोजबरोबर वापरात असेल तर मात्र लेबलच बरं, दोन्हीकडे तेच दिसतं. फक्त विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता झटपट सुरू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर लिनक्सला ती बहुधा फक्त वाचता येते.

अशोक चौक : नव्या, कुठेही न जोडलेल्या डिस्कला लेबलच द्यावं, यावर मी ठाम आहे.

साखर पेठ : नवीला द्या. वापरातल्या डिस्कचं लेबल बदलण्याआधी जुना पत्ता ग्रेपने (मजकूर शोधायची grep कमांड) स्क्रिप्टांत आणि क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) शोधा, एफएसटॅबमध्ये 'लेबल=' असेल तर तिथे यूयूआयडी घाला, मगच हात लावा.