आषाढात पार्लर रिकामं पडतं, नवीन कस्टमर कुठून आणायचे?

चिपळूणची पार्लरवाली

नमस्कार. चिपळूणला माझं छोटं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक फेशियल बेड, मी आणि मदतीला एक मुलगी. २०२१ च्या जुलैत पूर आला तोवर दुकान बाजारपेठेत तळमजल्यावर होतं. खुर्च्या, स्टीमर, वॅक्स हीटर, सगळं गाळात गेलं. पुन्हा खाली बसायचा धीर झाला नाही, म्हणून त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर गाळा घेतला. बावीस पायऱ्या आहेत. खालून पाटी दिसते, पण दुकान उघडं आहे की बंद, ते कळत नाही.

एरवी बरं चालतं. गणपतीत चाकरमानी आले की रात्री दहापर्यंत हात थांबत नाही, शिमग्याला तसंच, तुळशीच्या लग्नानंतर नवरीच्या मेकअपची कामं सुरू होतात. पण यंदा १७ मे ते १५ जून अधिक महिना आला आणि ऐन लग्नसराई मोडली. मग पाऊस आणि लावणी. आता आषाढ. काल दिवसभरात तीन आयब्रो आणि एक हेअरकट. भाडं ६,५००, मुलीचा पगार ७,०००. तिला 'दोन महिने येऊ नकोस' म्हणायला जीभ वळत नाही, तिच्या घरी तोच पगार आहे.

'आषाढ धमाका, सगळ्यावर ५० टक्के सूट' असा बॅनर लावावा असं मनात आहे. कुणी केलंय का? गणपती झाले की पितृपक्षात पुन्हा हीच वेळ येणार.

कोथरूडकर

गूगल मॅपवर दुकान टाकलंय का? पैसे लागत नाहीत. वेळा घाला, आतले फोटो घाला आणि जिना कुठून चढायचा त्याचाही फोटो घाला. गणपतीला गावी येणाऱ्या मुली मॅपवरच शोधतात, तेव्हा हे आत्ताच करून ठेवा. रिव्ह्यू जुन्या कस्टमरकडे मागा, मात्र त्याच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही.

आणखी एक. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट पाठवत असाल, तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही. कस्टमर समोर असतानाच नंबर सेव्ह करून घ्या.

कराडची मावशी

वयाने लहान असशील म्हणून अगं-तुगं करते. बॅनर लावू नको.

माझं पार्लर एकोणीस वर्षं चालू आहे. २०१६ च्या आषाढात मी हेच केलं होतं. सहाशेचं फेशियल तीनशेला. पंधरा दिवस खुर्ची रिकामी नव्हती, माझं मनगट सुजलं. त्यातल्या श्रावणात परत आल्या दोघीच. आणि आठ वर्षं येणाऱ्या एक शिक्षिका होत्या, त्या जूनमध्ये पूर्ण पैसे देऊन फेशियल करून गेल्या होत्या. त्यांनी बॅनर बघितला, काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या महिन्यात आल्या नाहीत. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "मला वाटलं, आधी तू जास्तच घेत होतीस." ते मला अजून लागून आहे.

तुझ्या बावीस पायऱ्या वाचल्या आणि मला आमच्या आजी आठवल्या. माझंही दुकान वरच आहे. एक कस्टमर बोलता बोलता म्हणाली, गुडघ्यांमुळे सासूबाई दोन वर्षं घराबाहेर पडल्या नाहीत. दुपारी अडीचची वेळ, दुकानात कुणी नाही. मी पिशवीत दोरा, पावडर, चिमटा, नेलकटर आणि धुतलेला टॉवेल घातला आणि गेले. आजी खिडकीपाशी बसलेल्या, पदर हनुवटीवर धरलेला. मला वाटलं, सवय असेल. सून चहा टाकायला आत गेली तसा त्यांनी पदर काढला. हनुवटीवर सात-आठ जाड पांढरे केस. हळूच म्हणाल्या, "मुलगा जेवायला समोर बसतो गं." त्या वयात कातडी सैल असते, दोरा ओढला की चिमटीत सापडते. म्हणून एका हाताने कातडी ताणून एकेक केस चिमट्याने काढला. मग पायाची नखं कापली, त्यांना वाकताच येत नव्हतं. त्यांनी आरसा मागितला, पण बघायच्या आधी हनुवटीवरून बोट फिरवलं. दोनदा.

दीडशे रुपये घेतले. फुकट करू नको, त्यांनाही संकोच होतो. पुढच्या वर्षभरात त्या घरातल्या दोन्ही लेकी, धाकटी सून आणि सुनेच्या भिशीतल्या चौघी माझ्याकडे आल्या. अशा घरांची चौकशी जुन्या कस्टमरकडेच कर. कुणाला मधुमेह आहे का ते आधी विचार, असेल तर नखं खोल कापू नको, आणि जखम दिसली तर पायाला हात न लावता डॉक्टरांकडे पाठव.

तुमच्याकडे लावणी संपली की भेगा पडलेले, माखलेले पाय दारात येतील. पाय स्वच्छ करणं आणि तेलाचा मसाज, एवढंच साधं काम ठेव. बोटांच्या मधे चिखल्या असतील तर मात्र टबात पाय घालू देऊ नको. ती बुरशी असते, आधी औषध.

पितृपक्षात बायका नवीन काही करून घेत नाहीत, त्यावर वाद घालायला जाऊ नको. तो पंधरवडा हीटर दुरुस्तीला, मुलीचा थ्रेडिंगचा हात बसवायला आणि नवरात्राच्या वेळा वहीत लिहून घ्यायला ठेव. वही आहे ना? नाव, नंबर, काय केलं, कधी केलं. आयब्रो तीन-चार आठवड्यांत वाढतात. दोन महिने जी आली नाही तिला फोन कर आणि "कशी आहेस" एवढंच विचार. ऑफर सांगू नको.

रात्रपाळी

मी नर्स आहे, गिऱ्हाईक म्हणून लिहिते. आमच्या गावातली सगळी पार्लरं अकराला उघडतात. माझी रात्रपाळी सकाळी आठला सुटते, घरी जाऊन झोपले की संध्याकाळी उठते तोवर पुन्हा ड्युटी. आठवड्यातून दोन दिवस जरी कुणी आठला दार उघडलं, तर आम्ही पाच-सहा जणी तिथेच जाऊ.

आणि दोरा तोंडात धरू नका, गळ्यात बांधून करा. कोविडनंतर मी एक पार्लर त्याच कारणाने सोडलं. त्या ताईंना सांगायची हिंमत झाली नाही, नुसतं जाणं बंद केलं. वॅक्स लावायची लाकडी पट्टी एकदा अंगाला लागली की परत डब्यात बुडवू नये, हेही बायका बघत असतात.

चिपळूणची पार्लरवाली

महिना झाला, म्हणून लिहायला आले. बॅनर लावला नाही.

वहीतल्या चाळीस जणींना फोन केले. सात नंबर बंद, बऱ्याच जणींनी "येते" म्हटलं आणि आल्या नाहीत, अकरा जणी आल्या. त्यातल्या एकीने सांगितलं की जिन्यातला दिवा गेला होता, म्हणून दोनदा खालून परत गेली. मला माहीतच नव्हतं, मी मागच्या दाराने येते. त्याच दिवशी दिवा लावला आणि 'पार्लर चालू आहे' अशी पाटी खाली पायरीपाशी ठेवली.

दोरा गळ्यात बांधायला मुलगी लगेच शिकली, माझीच जुनी सवय जायला आठवडा लागला. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी आठला उघडते. पहिल्या आठवड्यात कुणीच आलं नाही, मग जवळच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरला सांगितलं, आता तिघी येतात.

घरी जाऊन नऊ आजींचं केलं. मावशी, पदराचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, चौथ्या घरी मलाही तसाच धरलेला दिसला. मी सुनेला म्हटलं, "जरा गरम पाणी आणता का?", आणि मग बसले.

गोवळकोटच्या आजींनी गौरींच्या आदल्या दिवसाची वेळ आत्ताच मागून ठेवली आहे. मुलगी बोरिवलीहून येणार, तिचंही करायचं आहे. "पण ती यायच्या आधी माझं कर," म्हणाल्या.